लिंड्रॉसचं डोकं खाली होतं, मान्य. पुढे?

आइस हॉकीपटू एरिक लिंड्रॉसचं नाव निघालं की इकडे कॅनडात, ओंटारिओत दोनच वाक्यं ऐकू येतात. एक, "केवढं टॅलंट होतं, वाया घालवलं." दुसरं, "डोकं खाली घालून खेळायचा, मग लागणारच ना." मुलाची प्रॅक्टिस सकाळी सहाला असते, आम्ही सगळे आईबाप रिंकच्या लॉबीत कॉफीचे कप धरून उभे असतो, आणि हिवाळ्यातून दोन-तीनदा तरी हा वाद निघतोच. दरवेळी तो याच दोन वाक्यांवर येऊन थांबतो, माना डोलतात, विषय संपतो. मला आता हे ऐकवत नाही, म्हणून लिहितोय.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. लिंड्रॉसचं करिअर वाया गेलेलं नाही. ज्या दोन गोष्टींसाठी लोकांनी त्याला वर्षानुवर्षं नावं ठेवली, म्हणजे मालकाला तोंडावर नाही म्हणणं आणि आपल्या डोक्याला काय होतंय ते उघड बोलणं, त्याच दोन गोष्टी आज त्याच्या गोलांपेक्षा जास्त उपयोगी पडतायत. आणि "त्याचीच चूक" हे वाक्य फक्त त्याच्यावर अन्याय करतं असं नाही, आज बर्फावर असलेल्या चौदा वर्षांच्या पोरांनाही ते धोक्यात टाकतं.

ज्यांना हा माणूस माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. १९७३ चा जन्म, गाव लंडन, म्हणजे ओंटारिओतलं लंडन. सहा फूट चार इंच उंची, वजन शंभर किलोच्या वर, आणि तरी पायात स्केट्स चढले की लहान चणीच्या पोरासारखा वळायचा. आइस हॉकीत साधारण दोन जातीचे खेळाडू असतात, एक समोरच्याला रिंकभोवतीच्या फळीवर आपटणारे धिप्पाड आणि दुसरे हातात जादू असलेले गोल करणारे, लिंड्रॉस एकटा दोन्ही होता. वेन ग्रेट्झ्कीला 'द ग्रेट वन' म्हणायचे म्हणून याला शाळकरी वयातच 'द नेक्स्ट वन' म्हणायला लागले. १९९०-९१ ला ओशावाकडून ज्युनियर खेळताना ५७ मॅचमध्ये १४९ पॉइंट्स (गोल आणि गोलसाठी दिलेला पास, दोन्हीचा एकेक पॉइंट धरतात). एनएचएलची (इथली सगळ्यात मोठी हॉकी लीग) एकही मॅच न खेळता अठराव्या वर्षी कॅनडाच्या टीममध्ये. १९९४-९५ चा सीझन लॉकआउटमुळे (मालकांनीच खेळ बंद ठेवला होता) जेमतेम अर्धा झाला, त्यात ४६ मॅचमध्ये ७० पॉइंट्स आणि हार्ट ट्रॉफी, म्हणजे अख्ख्या लीगमधला सगळ्यात मोलाचा खेळाडू, वय बावीस. २००२ ला सॉल्ट लेक सिटीत ऑलिंपिक गोल्ड, जे कॅनडाला हॉकीत तब्बल पन्नास वर्षांनी मिळालं. एकूण ७६० मॅच, ३७२ गोल, ८६५ पॉइंट्स. स्टॅनली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, मात्र नाही, १९९७ ला फायनलपर्यंत गेले आणि डेट्रॉइटने ४-० ने झोपवलं. एवढं करून माणूस "वाया गेला" म्हणायचं, तर मग कामाला आला असं कुणाला म्हणायचं?

आता पहिला आरोप, क्युबेकचा. १९९१ च्या ड्राफ्टमध्ये (लीगच्या टीम नव्या पोरांना पाळीपाळीने निवडतात ते) क्युबेक नॉर्डीक्सने त्याला पहिल्या नंबरवर घेतलं, त्याने स्टेजवर त्यांची जर्सी अंगात घालायलाही नकार दिला, आणि अख्खं एक वर्ष एनएचएल न खेळता काढलं. त्याआधी ज्युनियरला सू सेंट मरीच्या टीमने घेतलं होतं तिथेही हा गेला नव्हता. १९९२ च्या जूनमध्ये क्युबेकने त्याला फिलाडेल्फियालाही विकलं आणि न्यूयॉर्क रेंजर्सलाही, दोघांनी दावा ठोकला, लवाद बसला आणि निकाल फिलाडेल्फियाच्या बाजूने लागला. एका पोरासाठी फिलाडेल्फियाने पीटर फोर्सबर्गसकट सहा खेळाडू, ड्राफ्टच्या पहिल्या राउंडमधले निवडीचे दोन हक्क आणि वर दीड कोटी डॉलर मोजले.

इथे समोरच्यांचं म्हणणं हलकं नाही, ते नीट समजून घेतलं पाहिजे. ड्राफ्ट कशासाठी असतो? तळाच्या टीमला पहिला हक्क मिळावा, म्हणजे पैसेवाली शहरंच कायम जिंकत राहणार नाहीत, यासाठी. प्रत्येक पहिल्या नंबरचा पोरगा "मला हे गाव नको" म्हणायला लागला तर लहान शहरांनी करायचं काय? आणि क्युबेक सिटी म्हणजे नुसतं लहान शहर नव्हे, फ्रेंच बोलणाऱ्या लोकांची राजधानी. क्युबेकला घटनेत वेगळं स्थान देणारा मीच लेकचा करार १९९० ला फिसकटला होता, इंग्रजी कॅनडा आपल्याला कमी लेखतो ही जखम ताजी होती, त्यात इंग्रजी ओंटारिओतला एक पोरगा येऊन म्हणतो की मी तुमच्याकडे खेळणार नाही. लोकांना ते झोंबलं यात नवल ते काय. ९२ ला तो फिलाडेल्फियाकडून पहिल्यांदा तिथे खेळायला गेला तेव्हा प्रेक्षकांनी त्याच्यावर लहान बाळांच्या चोखण्या फेकल्या. आणि पुढे १९९५ ला ती टीमच कोलोरॅडोला गेली, ९६ ला तिथे कप जिंकली, क्युबेक सिटीला आजतागायत एनएचएलची टीम परत मिळाली नाही. ज्यांची टीम गेली त्यांचं दुःख खरं आहे. भाषेसाठी भांडलेल्या महाराष्ट्रातून मी आलोय, मला ते दुःख कळतं.

पण दुःख खरं असलं म्हणून बोट योग्य माणसाकडे दाखवलंय असं होत नाही. लिंड्रॉसने नंतर स्पष्ट सांगितलं की नकार मालकामुळे होता, भाषेचा, संस्कृतीचा, शहराचा त्यात संबंध नव्हता, त्याची बायको क्युबेकचीच आहे. बरं, त्याच्यावर विश्वास नका ठेवू. मग एवढंच सांगा, कॉलेजातून पास झालेल्या पोराला कुणी म्हणालं की पुढची दोन वर्षं तुझ्यावर याच एका कंपनीचा हक्क, याच गावात राहायचं, मालक पटो न पटो, नाहीतर घरी बस, तर आपण त्या पोराला हट्टी म्हणू का? लहान शहरांना टिकवायचं असेल तर लीगने महसूल वाटून घ्यावा, पगाराला कमाल मर्यादा घालावी, जी त्यांनी पुढे २००५ मध्ये घातलीच. ती जबाबदारी अठरा वर्षांच्या एका मुलाच्या खांद्यावर कशी काय येते?

आणि या खेळात मालकाला नाही म्हणण्याची किंमत काय असते याचा इतिहास जुना आहे. डेट्रॉइटचा टेड लिंडसे, आपल्या काळातला टॉपचा खेळाडू, १९५७ ला त्याने खेळाडूंची युनियन उभी करायचा प्रयत्न केला, तर त्याला उचलून शिकागोला पाठवलं, जी तेव्हा तळाची टीम होती. तेव्हा त्यालाही कृतघ्न म्हणाले असतीलच. आज काय आहे? खेळाडू स्वतः मत देऊन वर्षातला सर्वोत्तम खेळाडू निवडतात त्या अवॉर्डला २०१० पासून टेड लिंडसेचं नाव आहे. तेच अवॉर्ड, जुन्या नावाने, १९९५ ला लिंड्रॉसला मिळालं होतं.

आईबापांचा मुद्दा पण नेहमी येतो. बॉनी आणि कार्ल लिंड्रॉस सगळ्यात नाक खुपसायचे, वडीलच एजंट, आई सगळीकडे हजर, कोचला हे नको होतं, मॅनेजरला तर मुळीच नको होतं. असेलही. मी रिंकवर असे आईबाप बघितलेत, आणि त्यांच्या पोराचा खांदा कसा पडतो तेही बघितलंय. पण काळ कुठला होता ते बघा ना. खेळाडूंच्या युनियनचा प्रमुख अॅलन ईगलसन तेव्हा खेळाडूंचेच पैसे खात होता, १९९८ ला त्याने कोर्टात गुन्हा कबूल केला आणि तुरुंगात गेला. बॉबी ऑर, ज्याला या खेळातला देव मानतात, त्याचा एजंट हाच ईगलसन. बॉस्टनने ऑरला टीमच्या मालकीतला साडेअठरा टक्के हिस्सा देऊ केला होता आणि ईगलसनने ते त्याच्या कानावरच घातलं नाही, ऑर रिटायर झाला तेव्हा हातात जवळपास काही उरलं नव्हतं. कुंपणच शेत खात होतं. अशा वेळी आईबापांनी पोराला कुणाच्या भरवशावर सोडायचं होतं?

आता डोक्याकडे येतो, कारण खरं भांडण तिथे आहे.

२६ मे २००० ची रात्र. कॉन्फरन्स फायनल, सातवी मॅच, फिलाडेल्फिया विरुद्ध न्यू जर्सी. लिंड्रॉस आदल्याच मॅचला अडीचेक महिन्यांनी परत आला होता, गोलही केला होता. पहिल्या पीरियडमध्ये पक (हॉकीची रबरी चकती) घेऊन ब्लू लाइन, म्हणजे समोरच्यांच्या हद्दीची रेघ, ओलांडताना नजर पकवर, मान खाली, आणि समोरून न्यू जर्सीचा स्कॉट स्टीव्हन्स आला, त्याचा खांदा थेट जबड्यावर, मग डोकं बर्फावर. उठताच येईना. सव्वादोन वर्षांतलं ते सहावं कन्कशन. (कन्कशन म्हणजे डोक्याला बसलेला मुका मार, रक्त नाही, एक्स-रेत काही दिसत नाही, पण मेंदू कवटीच्या आत हादरलेला असतो.) पेनल्टी नाही, कारण नियमात बसत होतं. न्यू जर्सीने मॅच जिंकली, पुढे कप जिंकला, स्टीव्हन्सला प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून गौरवलं.

"डोकं वर ठेव" हा हॉकीतला पहिला धडा आहे, आणि तो खरा आहे, मी माझ्या मुलाला तोच सांगतो. लिंड्रॉस ज्युनियरमध्ये सगळ्यांपेक्षा एवढा मोठा होता की त्याला कुणी आडवं करूच शकत नव्हतं, त्यामुळे ती सवय लागली ती सुटली नाही, हे त्याचे चाहतेही मान्य करतात. शिवाय हा माणूस स्वतः काही गाय नव्हता, त्याने किती जणांना फळीवर गाडलं त्याची गणती नाही. तोच खेळ त्याने खेळला, तोच त्याच्यावर उलटला, असं कुणी म्हणालं तर त्यात तथ्य आहे, आणि स्टीव्हन्सलाही मी खलनायक ठरवणार नाही, तो नियमात राहून जिंकायला खेळला.

पण मग प्रश्न असा की नियम तसा का होता? चालकाने सीटबेल्ट लावला नव्हता हे खरं असलं तरी रस्त्यावरचा खड्डा बुजवायचा नसतो का? २०१० मध्ये मार्क सॅव्हर्डला मॅट कुकने डोक्यावर ठोकलं, तेव्हाही शिक्षा झाली नाही, कारण तेव्हाही नियमात बसत होतं, आणि मग आरडाओरडा झाल्यावर लीगने नियम ४८ आणला, बाजूने किंवा न दिसणाऱ्या कोनातून डोक्याला लक्ष्य करून मारायचं नाही. पुढच्याच वर्षी तो आणखी रुंद केला. म्हणजे लिंड्रॉस पडल्यावर दहा वर्षांनी लीगने मान्य केलं की सगळा दोष खाली मान घालणाऱ्याचा नसतो. खेळ बुडाला का त्याने? उलट आजचा खेळ जास्त वेगवान आहे, जास्त देखणा आहे.

या खेळात प्रत्येक वेळी हेच झालंय. १९५९ ला गोलकीपर जाक प्लांतच्या तोंडावर पक बसला, चेहरा शिवून घेतल्यावर तो मास्क घातल्याशिवाय परत जाणार नाही म्हणून अडून बसला. कोचचा मास्कला सक्त विरोध होता, नजर नीट पोचणार नाही, लोक भित्रा म्हणतील. टीम जिंकत गेली आणि मास्क राहिला. १९६८ ला बिल मास्टर्टन डोकं बर्फावर आपटून दोन दिवसांनी गेला, हेल्मेट नव्हतं, आणि तरी हेल्मेटची सक्ती यायला १९७९ उजाडलं, तीही फक्त नव्या खेळाडूंना. आपल्या क्रिकेटमध्ये वेगळं काय झालं? १९६२ ला नरी कॉन्ट्रॅक्टरच्या कवटीला फ्रॅक्चर झालं, जीव जेमतेम वाचला. १९७६ ला जमैकात अंशुमन गायकवाडच्या कानावर बॉल बसला. १९९८ ला रमण लांबा ढाक्यात शॉर्ट लेगला हेल्मेट न घालता उभा राहिला आणि गेला. कन्कशन सब्स्टिट्यूट कधी आला? २०१९ ला. आणि २०२० ला कॅनबेरात जडेजाच्या हेल्मेटवर बॉल लागून त्याच्या जागी चहल आला, तेव्हा आपल्याकडेही आधी चर्चा झाली ती हे न्याय्य होतं का याची, त्याच्या डोक्याची नंतर.

मला सगळ्यात जास्त खुपतं ते पुढचं. बॉबी ऑरचे गुडघे गेले, ६५७ मॅच खेळून संपला, लिंड्रॉसपेक्षा शंभर मॅच कमी. त्याने दोन कप जिंकले होते, मान्य, पण त्याचं करिअर वाया गेलं असं कुणाच्या तोंडून ऐकलंय? उलट हॉल ऑफ फेमने थांबायची मुदत माफ करून त्याला १९७९ लाच आत घेतलं, आणि ते योग्यच होतं. लिंड्रॉसला मात्र पात्र झाल्यावर सहा वर्षं थांबवलं, २०१६ ला घेतलं. गुडघा सुजलेला दिसतो, प्लास्टर दिसतं, माणूस लंगडतो, म्हणून आपल्याला दया येते. मेंदू दिसत नाही. लाइट सहन होत नाही, नाव आठवत नाही, मळमळतं, असं कुणी म्हणालं की मनात पहिल्यांदा येतं की हा नाटक तर करत नाही ना. सगळा वाद तिथेच सडतो.

२००० च्या मार्चमध्ये नेमकं हेच झालं. लिंड्रॉसला मार लागला, त्याने टीमच्या मेडिकल स्टाफला त्रास होतोय म्हणून सांगितलं, तरी तो मॅच खेळत राहिला, शेवटी बाहेरच्या डॉक्टरने कन्कशन म्हणून निदान केलं. लिंड्रॉस हे जाहीरपणे बोलला आणि टीमच्या स्टाफवर टीका केली. मॅनेजर बॉबी क्लार्कने काय केलं? त्याची कॅप्टनशिप काढून घेतली. त्याच्या आदल्या वर्षी नॅशव्हिलमध्ये मॅचनंतर छातीत आतून रक्तस्राव होऊन त्याचं फुप्फुस बसलं होतं, रूममेट कीथ जोन्सने हॉस्पिटलचा आग्रह धरला म्हणून वाचला, विमानाने घरी न्यायचा बेत पार पडला असता तर मुलगा गेला असता असं घरच्यांचं म्हणणं होतं. आणि धाकटा भाऊ ब्रेट, तोही एनएचएलमध्ये, ५१ मॅच खेळून विसाव्या वर्षी कन्कशनमुळेच रिटायर झालेला. ज्या घरात हे सगळं घडलं त्या घरातल्या माणसाने गप्प बसायचं? "टीमचा विचार कर" असं त्याला सांगणाऱ्यांना मी एवढंच विचारेन, की टीमने त्याचा विचार कधी केला होता?

फोर्सबर्गशी तुलना तर कायम होते, क्युबेकने डील जिंकली, फोर्सबर्गने दोन कप आणले. बरोबर आहे, टीम म्हणून क्युबेक-कोलोरॅडोने डील जिंकलीच. पण फोर्सबर्गही पायाच्या दुखण्याने ७०८ मॅचवर थांबला, लिंड्रॉसपेक्षा कमी. टीमच्या फायद्याचा हिशोब आणि माणसाच्या करिअरचा हिशोब एका वहीत मांडायचे नसतात.

खेळणं थांबवल्यावर लिंड्रॉसने काय केलं हे लॉबीतल्या वादात कुणी काढतच नाही. २००७ ला रिटायर झाला त्याच सुमारास आपल्या गावच्या हॉस्पिटलला पन्नास लाख डॉलर दिले. खेळाडूंच्या युनियनमध्ये काम केलं. आणि ओंटारिओच्या 'रोवन्स लॉ'साठी उभा राहिला. रोवन स्ट्रिंगर ही ओटावाची सतरा वर्षांची मुलगी, रग्बी खेळायची, २०१३ ला काही दिवसांत डोक्याला लागोपाठ मार लागून गेली. पहिल्या माराला तिला कुणी बाहेर बसवलं असतं तर वाचली असती. २०१८ ला कायदा झाला. आता सव्वीसच्या आतल्या खेळाडूने आणि लहान असेल तर आईबापांनी दर सीझनच्या आधी कन्कशनची माहिती वाचून तसं कळवायचं, संशय आला की खेळातून बाहेर, डॉक्टरने हिरवा कंदील दाखवेपर्यंत परत नाही. लहानांच्या बाबतीत आकडेही आहेत. २०१० ला कॅलगरीच्या संशोधकांनी अकरा-बारा वर्षांच्या मुलांची तुलना केली, अल्बर्टात त्या वयात बॉडीचेक (समोरच्याला अंगाने धडकून अडवणं) चालायचं, क्युबेकमध्ये नाही, तर अल्बर्टात कन्कशनचा धोका तिपटीहून जास्त निघाला. २०१३ पासून त्या वयात बॉडीचेक देशभर बंद आहे. म्हणजे ज्या क्युबेकला लिंड्रॉस 'नको' म्हणाला, ते याबाबतीत सगळ्यांच्या पुढे होतं.

दोन वर्षांपूर्वी माझा मुलगा तेरा संपून चौदाव्यात लागला, बॉडीचेकचा पहिलाच सीझन. जानेवारीतली एक मॅच, तिसरा पीरियड, स्कोअर बरोबरीत. कोपऱ्यात पक काढायला गेला आणि मागून फळीवर आदळला. उठला, स्केटिंग करत बेंचवर आला, मी काचेला नाक लावून उभा. नंतर कळलं की बेंचवर असिस्टंट कोच म्हणाला, "ठीक आहेस ना? अजून एक शिफ्ट काढ." आणि मुलगा हो म्हणाला, कारण त्या वयात सगळेच हो म्हणतात. आमच्या टीमची ट्रेनर बाई, जिचं काम बेंचवर हेच असतं, तिने त्याला आपल्याकडे वळवलं आणि स्कोअर काय झालाय विचारलं. त्याला सांगता येईना. तिने हेल्मेट काढून घेतलं, स्वतःच्या पायाशी ठेवलं आणि म्हणाली, आज संपलं. असिस्टंट कोचने काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, तिने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिला कायद्याचा आधार होता, वाद घालायची गरजच नव्हती.

मॅच आम्ही हरलो. बाहेर पार्किंगमध्ये एक बाप, चांगला माणूस आहे, आजही आमचं बोलणं आहे, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "लिंड्रॉससारखं करतोय रे, डोकं वर ठेवायला शिकव त्याला." मी म्हटलं शिकवतो. गाडीत बसलो तर मुलाने विचारलं, "बाबा, आपण जिंकलो का?" मी सांगितलं. हायवेला लागल्यावर त्याने तेच परत विचारलं, आणि घराच्या वळणावर तिसऱ्यांदा.